वखारीच्या भिंतीवरची बाई

भिंगरीच्या घरी कशावरूनही भांडण पेटायचं. पंखा कितीवर ठेवायचा, न्हाणीघरातला दिवा कोणी चालू सोडला, दुधाची पिशवी कात्रीने कापायची की दाताने फाडायची, काहीही चालायचं. फक्त साबणावरून कधी कोणी चकार शब्द काढला नव्हता. साबण म्हणजे दवबिंदू. हिरव्या कागदातला, कागदावर एकच पांढरा थेंब असलेला. सूर्य पूर्वेला उगवतो आणि साबणदाणीत दवबिंदू असतो, यात बोलण्यासारखं काय होतं?

आई दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली काम करायची आणि दिवसातून चाळीस वेळा हात धुवायची. तिथे बेसिनवर दाबायची बाटली होती, लिंबाच्या वासाची. आई तिला शिवत नसे. तिच्या पर्समध्ये झाकणाची डबी असायची आणि डबीत दवबिंदूचा तुकडा. बाबा म्हणायचे, "हिच्या माहेरहून आलेला हुंडा आहे तो. मी नुसता भारवाहक."

नवी वडी उघडायची तेव्हा आई एक गोष्ट हमखास करायची. कागद सोडवायचा, डोळे मिटायचे, वडी नाकाशी धरायची आणि अगदी हळू म्हणायचं, "आईच्या हातांचा गंध."

तिची आई, म्हणजे भिंगरीची आजी, आई चार वर्षांची असतानाच गेली होती. घरात आजीचा एकच फोटो होता, तोही पंधरा माणसांतला, आणि नेमक्या क्षणी आजीने मान हलवल्यामुळे तिच्या चेहऱ्याच्या जागी नुसता धूसर डाग उमटला होता. आईला आठवत होतं ते एवढंच: एक खिडकी, गोल हसरा चेहरा, फेसाने भरलेले दोन हात. आणि तो वास. माणसाची सगळी आई एका साबणाच्या वडीत मावावी, हे भिंगरीला लहानपणापासून फार भारी वाटत आलं होतं.

आता भिंगरीविषयी. हे नाव आजोबांनी ठेवलेलं, कारण ती लहानपणी उभ्या उभ्या गोल फिरायची. शाळेत मात्र मागच्या वर्षापर्यंत ती बाकावर ओठ टेकवून उत्तरं द्यायची आणि बाई म्हणायच्या, "बाकाला सांगू नकोस, मला सांग." यंदा बाईंनी तिला ढकलून वादविवादाला उभं केलं. तिथे तिला स्वतःचा आवाज सापडला, आणि एकदा सापडल्यावर ती तो खाली ठेवायलाच तयार नव्हती. जेवताना मुद्दे, दात घासताना मुद्दे.

त्यात शाळेचं प्रदर्शन आलं. भिंगरीने विषय घेतला, "आपण निवडतो, की आपल्याकडून निवडून घेतलं जातं?" वर्गात तिने एकाच भांड्यातलं लिंबूपाणी दोन बाटल्यांत भरलं. एका बाटलीला टीव्हीवर रोज नाचणाऱ्या कंपनीचा कागद चिकटवला, दुसरी कोरी ठेवली. अडतीसपैकी एकतीस जणांना कागदवालं पाणी जास्त आवडलं. एकीने तर शपथेवर सांगितलं की कोऱ्या बाटलीतलं मागाहून कडवट लागतं. टाळ्या पडल्या. बाईंनी पाठ थोपटली. भिंगरी घरी आली ती जमिनीपासून चार बोटं वरून.

"रविवारी तुमची परीक्षा," तिने जाहीर केलं. "साबणाची."

"आमची परीक्षा लग्नातच झाली," बाबा म्हणाले.

"मी झोपेत ओळखेन," आई म्हणाली. "वेळ वाया घालवू नकोस."

पण रविवारी आई हौसेने खुर्चीवर बसली. भिंगरीने पाच साबणांचे सारख्या मापाचे तुकडे दोऱ्याने कापले होते आणि पाच सारख्या बशांत ठेवून बशांच्या बुडाला नंबर टाकले होते. पहिला गुलाबाच्या वासाचा, दुसरा हॉटेलात मिळतो तसला, तिसरा अस्सल दवबिंदू, चौथा औषधी. पाचव्यासाठी काही मिळेना, तेव्हा तिने गॅलरीत जाऊन आजोबांच्या ब्रशांच्या डब्यातून कपडे धुण्याच्या पिवळ्या वडीचा तुकडा उचलला. फसवायला एक हवाच असतो ना!

आजोबा म्हणजे आईचे वडील. त्यांनी आयुष्यभर भिंती रंगवल्या. चहा, छत्र्या, विजेऱ्या, खोकल्याचं औषध, माणसाच्या उंचीची अक्षरं. गावात शिरणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर त्यांचा हात फिरलेला. मग मोठाले कापडी फलक छापणारी यंत्रं आली आणि शिड्या गंजल्या. आता ते लोकांच्या दारावरच्या पाट्या रंगवायचे, महिन्याला दोन आल्या तर खूप. ब्रश मात्र काम असो नसो, रोज धुवायचे. आधी रॉकेलमध्ये, मग पिवळ्या वडीने. "ब्रश न्हाले की मी न्हालो," म्हणायचे.

आईच्या डोळ्यांवर बाबांचा मफलर बांधला गेला. आजोबा चहाचा कप घेऊन दारात उभे राहिले.

पहिली बशी. आईने हुंगलं. "हा गुलाब. फार लाडात आलाय."

दुसरी. "हा सुटाबुटातला."

"आई, मध्ये मध्ये स्वतःचं मनगट हुंग. नाकाला विश्रांती."

"बरं, डॉक्टरीणबाई."

तिसरी. भिंगरीने श्वास रोखला. आईने मान तिरकी केली. "बरा आहे. पण हा पाहुणा आहे. आपला नाही."

भिंगरीने तोंडावर हात दाबला. बाबांनी भुवया वर नेल्या. चौथी बशी आईने नुसती हुंगून परत केली. आणि मग पाचवी.

आईने तुकडा उचलला आणि ती थांबली. दुसरा हातही पुढे आला. पाखराचं पिल्लू धरावं तसा दोन्ही हातांत धरून तिने तो नाकापाशी नेला आणि बराच वेळ तशीच बसली. मफलरच्या खालून एक थेंब निघून तिच्या हनुवटीवर आला.

"हा," ती म्हणाली. "ही माझी आई."

"चूक!" भिंगरी जागच्या जागी उडालीच. "साफ चूक! एकदम चूक! अगं, हा आजोबांच्या ब्रशचा साबण आहे! दवबिंदू तीन नंबर होता, ज्याला तू पाहुणा म्हणालीस! बाबा, लिहा, लिहा!"

बाबा हसत सुटले. "म्हणजे पंधरा वर्षं आम्ही सगळे हकनाक सुगंधी झालो?"

आईने मफलर सोडला. हातातल्या पिवळ्या तुकड्याला ब्रशचा एक केस चिकटला होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, तिसऱ्या बशीकडे पाहिलं.

"म्हणजे मला तिचं काहीच आठवत नाही," ती म्हणाली. कोणाला उद्देशून नाही. मग उठून तिने पाचही बशा ओट्याखाली सरकवल्या आणि कपडे वाळत घालायला गेली.

बाबांचं हसू अर्ध्यातच विरलं. आजोबांनी न प्यालेला चहा तसाच खाली ठेवला आणि ते गॅलरीत गेले.

सोमवारी साबणदाणीत गुलाबी वडी होती. "दुकानात पुढ्यात होती, उचलली," आई म्हणाली. मंगळवारी तिची पर्स उघडी होती आणि डबी आत नव्हती. "दवाखान्यात आहे की साबण. साबण तर साबण." आवाज अगदी साधा होता. आई चिडली असती तर बरं झालं असतं. चिडलेल्या आईला कसं वळवायचं, ते भिंगरीला ठाऊक होतं.

टेबलावर प्रदर्शनाचा तक्ता पसरलेला होता. लिंबूपाण्याचे सुंदर रंगीत खांब. शेजारी एक ओळ, रविवारीच घाईघाईत लिहिलेली: "आई: चूक." भिंगरीला त्या ओळीकडे बघवेना. एवढा मोठा आवाज सापडला आणि पहिल्या झटक्यात त्याने काय केलं? आईजवळ आजीचं जेवढं होतं तेवढं टाळ्या पिटून काढून घेतलं.

मंगळवारी शाळेतून आल्यावर ती दप्तर पाठीवर तसंच ठेवून गॅलरीत गेली. आजोबा स्टुलावर बसून ब्रश चोळत होते.

"आजोबा, मी आईची आई घालवली."

आजोबांचे हात थांबले. "तू नाही घालवलीस, भिंगरे. मीच लपवली होती."

"म्हणजे?"

"आधी ते ओझं उतरव पाठीवरचं. आणि माझी पत्र्याची पेटी ओढ खाटेखालून."

पेटीत कंपन्यांनी पाठवलेले नमुन्याचे कागद होते, एकावर एक, पिवळे पडलेले. चहाचा, छत्रीचा, दोन हसऱ्या विजेऱ्यांचा. तळाशी हिरवा कागद. दवबिंदूचा. पांढरा थेंब, फेसाळ हात पुढे धरलेली एक बाई, आणि तिच्या चेहऱ्यावर, कपाळापासून हनुवटीपर्यंत, मोठा तपकिरी डाग. भिंगरीची नजर खाली घसरली. खाली कंपनीची ओळ छापली होती.

दवबिंदू. आईच्या हातांचा गंध.

भिंगरीने ओळ पुन्हा वाचली. आईचं वाक्य! डोळे मिटून म्हणते ते, जपून ठेवलेलं, फक्त तिचं असलेलं वाक्य. ते इथे छापलेलं होतं, आणि त्याच्या शेजारी कंपनीचा शिक्का!

"हे... आईने हे कुठे वाचलं?"

"सांगतो. तो डाग बघितलास? तुझ्या आजीची करामत. माझे रंग तीच कालवायची, ब्रश तीच धुवायची. कामात वाघीण, पण कोपर कुठे लागेल त्याचा नेम नाही. रॉकेलचा डबा आडवा केला नमुन्यावर. बाईचा चेहरा गेला वाहून. चार दिवसांत कंपनीचा साहेब भिंत बघायला येणार. नवा कागद मागवायचा तर पंधरवडा. मी डोकं धरून बसलो. ती म्हणते कशी, चेहराच हवाय ना? हा घ्या, फुकट आहे. आणि बसली की खुर्चीवर! वर मला ताकीद, नाक तेवढं बारीक काढा."

"काढलंत?"

"छे. होतं तसं काढलं. लाकडाच्या वखारीची भिंत होती, दोन पुरुष उंच. साहेब आला, बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, ही बाई आमची नाही, पण ही विकेल. आणि विकला की साबण! अगं, आसपासच्या बायकांनी तिला नळावर, बाजारात शंभरदा बघितलेली. चेहरा ओळखीचा. कुठे बघितलाय ते आठवायच्या आत हात साबणाकडे गेलेला असायचा."

भिंगरीच्या डोक्यात तक्त्यावरचे सगळे रंगीत खांब धडाधड कोसळले आणि पुन्हा उभे राहिले. "मग आजी वापरायची दवबिंदू?"

"कुठला! कंपनीने एक वडी भेट दिली होती. ती फळीवर, पाहुण्यांसाठी. पाहुणे आले, गेले, वडीला तडे पडले, पण तिने हात लावला नाही. तिचा आपला पिवळा साबण. रॉकेल, जवसाचं तेल आणि पिवळी वडी. तिच्या हातांना हाच वास यायचा. तुझ्या आईचं तोंड पुसायची तेव्हा पोर शिंकायची."

आजोबांनी ब्रश झटकला. मग बराच वेळ ते ब्रशाकडेच बघून बोलत राहिले. आजी गेल्यावर त्यांनी जुनं घर सोडलं. वखारीसमोरची एक खोली घेतली. खोली लहान, दिवसभर लाकडाचा भुसा, करवतीचा आवाज. लोक म्हणाले, हा खुळावला. पण त्या खोलीची खिडकी भिंतीच्या बरोबर समोर होती. खिडकीखाली त्यांनी मुलीचं अंथरूण घातलं. भिंतीवरची बाई म्हणजे या पोरीची आई, हे नव्या वस्तीत कोणाला ठाऊक नव्हतं. सात वर्षं पोर डोळे उघडायची ती भिंतीवरच्या बाईकडे बघत.

"आणि मग?"

"मग कंपनीचा करार संपला. भिंत विजेरीवाल्यांनी घेतली. काम मलाच आलं. दुसऱ्या कोणी तिच्यावर पांढरा हात मारण्यापेक्षा म्हटलं आपणच मारू. खालून सुरुवात केली. चेहरा शेवटी ठेवला."

भिंगरीला नाक ओढावं लागलं. "आईला का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? चार वर्षांच्या पोरीला सांगू, तुझी आई गेली आणि ती बघ समोर साबण विकतेय? मोठी झाल्यावर सांगेन म्हटलं. तर मोठी होऊन ती म्हणायला लागली, आईच्या हातांचा गंध. ती अक्षरं मी काढलेली, दीड हात उंच! पण तेवढ्याने तिचं भागत होतं. मी कशाला खोडू? परवा मात्र तिने तो तुकडा हातात घेतला आणि... मला तिथे उभं राहवेना."

भिंगरी ताडकन उठली. डोकं आडव्या दोरीला आपटलं, तरी तिला पर्वा नव्हती. "आजोबा! म्हणजे आई चुकलीच नाही! डोळे फसले, पण नाक नाही फसलं! मीच मोठ्याने चूक म्हणाले! आजोबा, आजच सांगायचं. आत्ता. ती येईल तेव्हा."

"मला नाही जमणार बोलायला."

"मग काढून दाखवा!"

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं आणि पेटीच्या झाकणाच्या खोबणीत बोटं घालून एक गुंडाळी बाहेर काढली. तो खाका होता, म्हणजे चित्राच्या रेघांवर टाचणीने भोकं पाडलेला कागद. भिंतीला लावायचा, वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी थोपटायची, कागद काढला की भिंतीवर ठिपक्यांनी चित्र उतरतं. चाळीस वर्षं झाली होती. कागद बिस्किटासारखा कडक झाला होता, पण भोकं शाबूत होती.

आई संध्याकाळी आली तेव्हा तिच्या खोलीतला पलंग मधोमध सरकवलेला होता, भिंगरीच्या नाकावर कोळसा होता, आणि बाबा हताशपणे म्हणत होते, "मागच्याच महिन्यात रंग दिलाय हो त्या भिंतीला."

"काय चाललंय? अण्णा, तुम्ही स्टुलावर का चढलात? पडाल!"

"गप्प बस दोन मिनिटं," आजोबा तिला म्हणाले. पुरचुंडी भिंतीवर थप थप बोलत राहिली. मग त्यांनी खाका वरच्या कोपऱ्यातून अलगद सोडवला.

गोल चेहरा. थोडं मोठं नाक. हसू दाबून धरलेलं तोंड. पुढे धरलेले दोन हात.

आईच्या खांद्यावरची पर्स घसरून खाली पडली. "ही... वखारीवरची बाई."

"हो."

"अण्णा, ही बाई..."

"तुझी आई," आजोबा भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले. "नमुना खराब झाला, म्हणून तिला बसवली होती. खिडकी मी मुद्दाम तिच्यासमोर घेतली."

मग भिंगरीने सगळं सांगितलं. रॉकेल, साहेब, पाहुण्यांची वडी, पिवळा साबण, पांढरा हात. सांगताना तिने एकदाही हातवारे केले नाहीत, हे बाबांनी नंतर आवर्जून नोंदवलं. आई भिंतीसमोर खाली बसली. ठिपक्यांना हात लावायला गेली आणि पुसतील म्हणून थांबली.

"आणि मला वाटायचं, मी काहीतरी आठवतेय," ती म्हणाली. "मी तर जाहिरात पाठ केली होती."

"जाहिरात आजीचीच होती ना पण!" भिंगरी म्हणाली. "आणि वास तू पाठ नव्हता केलास. तो तुला आपोआप येत होता." तिने ओट्याखालून पाचवी बशी आणली.

आईने तुकडा घेतला. या वेळी डोळे उघडे ठेवून, भिंतीकडे बघत हुंगला. आणि शिंकली. दोनदा. मग हसायला लागली, आणि हसता हसता रडायलाही.

आजोबांनी तेवढ्यात सवयीने खडू लावलेली दोरी ताणून चेहऱ्याखाली दोन आडव्या रेघा झटकल्या होत्या. अक्षरांसाठी जागा.

"अण्णा," आई डोळे पुसत म्हणाली, "खाली साबणाचं नाव नको हं."

"मग काय लिहू? एवढी जागा सुटलीय."

"सुटू दे."

शुक्रवारी प्रदर्शन झालं. "आई: चूक" वर काट मारून भिंगरीने खाली लिहिलं होतं, "आई: बरोबर. परीक्षा घेणारी: चूक." बाईंनी विचारलं, हे काय? भिंगरीने सांगितलं. रांग अडली, मागची मुलं कुरकुरली, बाई चष्मा पुसत राहिल्या.

शनिवारी मायलेकी दुकानात गेल्या. भिंगरी सगळ्यांना शहाणपण शिकवत आधीच फळीशी पोहोचली आणि लाल बाटलीतला शाम्पू टोपलीत टाकून मोकळी झाली. "हाच का?" आईने विचारलं. भिंगरीला कारण म्हणून आठवली ती टीव्हीवरची जाहिरात. त्या जाहिरातीतली मुलगी उड्या मारत शाळेच्या पायऱ्या उतरायची आणि तिचे केस वाऱ्यावर उडायचे. "जाऊ दे, घे," आई हसून म्हणाली. तिचा स्वतःचा हातही तेव्हा हिरव्या कागदापाशी पोहोचला होता, तिच्या नकळत. तिने त्या हाताकडे बघितलं. "बघ. अजून जातोच." तिने दवबिंदू घेतला. "पाहुण्यांसाठी," म्हणाली. आणि खालच्या फळीवरून पिवळी वडी.

रविवारी आजोबांनी ठिपके जोडून चेहरा रंगात पक्का केला. नाक होतं तेवढंच ठेवलं. काम संपल्यावर त्यांनी ब्रश गोळा केले, तोच आईने ते त्यांच्या हातातून काढून घेतले. "द्या इकडे. तुम्ही बसा." ती मोरीत बसली. रॉकेलमध्ये खळबळून, पिवळ्या वडीवर घासून एकेक ब्रश धुतला, पिळला, केस सरळ केले. कोणी शिकवलं नव्हतं.

भिंगरी दाराशी उभी राहून तिला समजावत होती की मेंदू आपल्या पाठीमागे काय काय साठवून ठेवतो. आईने वर पाहिलं. "इकडे ये. गालावर रंग लागलाय." आणि ओल्या हातांनी तिने भिंगरीचं तोंड धरून खसाखसा पुसलं.

भिंगरीला शिंक आली. मग तिने खोल श्वास ओढून घेतला आणि, कधी नव्हे ती, गप्प उभी राहिली.